इर्ल्याचा क्रूस, तुंबलेलं गटार आणि माफीनामा: एका वादाची अख्खी केस

मार्च २०१२ ची गोष्ट. पार्ले पश्चिमेला इर्ल्यात वेलंकणी मातेचं चर्च आहे, तिथे बाहेर उभ्या असलेल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी टपकायला लागलं. धो धो नाही, थेंब थेंब, पण टपकत राहिलं. कुणीतरी पाहिलं, दुसऱ्याला सांगितलं, आणि मुंबईत अशी बातमी पसरायला किती वेळ लागतो ते काय सांगायचं, बघता बघता गर्दी, मेणबत्त्या, प्रार्थना, लोक ते पाणी बाटल्यांत भरून न्यायला लागले, काहींनी तिथल्या तिथे प्यायलंसुद्धा. मूळ घटना एवढीच. यात कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही, आणि तरी त्याच वर्षी या थेंबांपायी एक माणूस देश सोडून फिनलंडला गेला आणि तिकडेच राहिला.

विज्ञान, धर्म आणि माणसाने वागावं कसं यावर आपण जे वाद घालतो ना, त्यांची चिरफाड करायला मला ही केस फार आवडते, कारण एरवी जे तीन प्रश्न एकमेकांत गुंतून त्यांचा गुंता होतो ते इथे सुटे सुटे दिसतात. पाणी कुठून येतंय हा एक. ते पाणी ज्यांना पवित्र वाटतं त्यांच्याशी बोलायचं कसं हा दुसरा. आणि बोलणाऱ्याला काय शिक्षा व्हावी हा तिसरा. पहिला प्रश्न सगळ्यात सोपा होता, एका प्लंबरच्या आवाक्यातला. पण त्याच्यावर कुणालाच फार वेळ थांबायचं नव्हतं, दोन्हीकडच्यांना तिसऱ्याकडे पळायची घाई, आणि माझं म्हणणं असं की सगळं बिघडलं ते तिथेच.

सनल एडामारुकू हे नाव तेव्हा टीव्ही बघणाऱ्यांना माहीत होतं. मूळचे केरळचे, इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशनचे अध्यक्ष, आणि त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे मार्च २००८ मध्ये एका हिंदी न्यूज चॅनलवर एका तांत्रिकाने मी मंत्राने माणूस मारून दाखवतो म्हटलं, यांनी म्हटलं मला मारा, आणि मग तो तासन् तास मंत्र म्हणत, पाणी शिंपडत बसला आणि हे समोर हसत बसले. लाइव्ह. तेव्हा अर्ध्या देशाने ते मजेत पाहिलं होतं. तर इर्ल्याचं प्रकरण झाल्यावर टीव्ही-९ वाल्यांनी यांना बोलावलं, या बघा आणि सांगा काय आहे ते.

हे आले, १० मार्चला जागेवर गेले, क्रूस पाहिला, मागची भिंत पाहिली, ओल कुठून सुरू होते ते बघत बघत गेले तर जवळच एक वॉशरूम, आणि तिचं सांडपाणी नेणारं गटार तुंबलेलं. फोटो काढले. निष्कर्ष असा सांगितला की तुंबलेलं पाणी भिंतीत मुरतंय, केशाकर्षणाने वर चढतंय, तिथून क्रूसाच्या लाकडात आणि पायांतल्या खिळ्याच्या भोकातून बाहेर पडतंय. झालं. म्हणजे लोक जे बाटल्यांत भरून नेत होते ते थोडक्यात संडासाच्या बाजूचं पाणी.

आता इथे जरा थांबूया, कारण नंतर कुणीच थांबलं नाही.

केशाकर्षण हा शब्द आपण सगळे नववी-दहावीत शिकलो, आणि तेव्हापासून कुठेही चमत्कार म्हटलं की सुशिक्षित माणूस पटकन ‘ते कॅपिलरी ॲक्शन असतं हो’ म्हणून मोकळा होतो. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला लागला तेव्हाही हेच. (आणि तो चक्क पितृपक्ष चालू होता, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.) पण केशाकर्षण नेमकं काय करतं आणि काय करत नाही? बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, नळी जितकी बारीक तितकं उंच. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत जेमतेम तीन सेंटिमीटर, त्याच्या दहावा हिस्सा बारीक नळीत तीस सेंटिमीटर, आणि विटा-सिमेंट-लाकडातली छिद्रं याहून कितीतरी बारीक असतात म्हणून जुन्या घरांच्या भिंतींना जमिनीपासून मीटरभर ओल दिसते, पाऊस नसतानाही. इथपर्यंत ठीक.

पण वर चढलेलं पाणी वरच्या टोकातून बाहेर पडून टपकत नाही! समईतली वात बघा. तेल वातीतून वर चढतं, पण ज्योत नसेल तर वातीच्या टोकावरून तेल ओघळून खाली पडत राहतं का? नाही. ते टोकापर्यंत येतं आणि बसून राहतं. जे बल त्याला वर ओढतं तेच त्याला धरून ठेवतं. तसं नसतं तर आपण तळातल्या पाण्यात वाती सोडून गच्चीवरच्या टाक्या फुकटात भरल्या असत्या, महावितरणचं बिलच नको. आता दुसरा प्रयोग, बादलीत पंचा अर्धा आत अर्धा बाहेर लोंबता ठेवा. बाहेरचं टोक आतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर थोड्या वेळाने त्यातून टप टप सुरू होतं, वर असेल तर पंचा ओला होतो पण टपकत नाही. म्हणजे टपकायला हवं असेल तर पाण्याचा उगम टपकण्याच्या जागेहून वर पाहिजे. याला पर्याय नाही.

मग इर्ल्यात काय? गटार खाली असेल आणि पाय वर असतील तर नुसत्या केशाकर्षणाने भिंत ओली होईल, लाकूड फुगेल, पण थेंब पडणार नाहीत. थेंब पडत होते म्हणजे कुठेतरी पायांच्या पातळीच्या वर पाणी साठलेलं किंवा गळत असलेलं पाहिजे, वॉशरूमची पाइपलाइन म्हणा, टाकी म्हणा, तुंबून पातळी वर आलेलं सांडपाणी म्हणा. तिथून ते आडवं मुरत लाकडात शिरलं, लाकडाच्या रेषांतून खाली उतरलं आणि पहिली मोकळी वाट मिळाली तिथून, म्हणजे खिळ्याच्या भोकातून, बाहेर पडलं. एडामारुकूंचा रोख बरोबरच होता, मुंबईत मार्चमध्ये पाऊस नसतो, तेव्हा चार-चार दिवस पाणी येतंय म्हणजे ते माणसाने सोडलेलंच पाणी असणार, आणि ओलीचा माग काढत जाणं हीच खरी पद्धत. पण बातम्यांमधून जे एक वाक्य जगभर गेलं, की गटाराचं पाणी केशाकर्षणाने चढलं आणि पायांतून टपकलं, ते वाक्य अर्धवट आहे. आणि विवेकवादी म्हणवणाऱ्या हजारो लोकांनी ते जसंच्या तसं पुढे पाठवलं, एकानेही आपल्या समईकडे बघितलं नाही. याला श्रद्धाच म्हणतात, फक्त बाजू वेगळी.

बरं, हे तपासायला काय लागलं असतं? फार नाही. वॉशरूमचं पाणी एक दिवस बंद ठेवा, थेंब थांबतात का बघा. गटारात कुठलाही विरघळणारा पक्का रंग टाका आणि पायातून रंगीत पाणी येतं का बघा. नाहीतर सरळ ओटी टेस्ट करा. गावाकडच्या लोकांना माहीत असेल, ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकून बघतो, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच, तेव्हा टपकणारं पाणी पिवळं झालं तर नळाची लाइन गळतेय, नाही झालं तर निकाल लागत नाही कारण भिंतीतून मुरताना क्लोरीन उडूनही जातो, मग कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणी, ती कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते. दोन-तीन दिवसांचं काम. आणि हे काम चर्च आणि विवेकवादी दोघं मिळून करू शकले असते, कारण यात देव आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, भिंत ओली का आहे एवढाच येतो.

पण टीव्हीला भिंतीत रस नसतो.

संध्याकाळी चर्चा लागली. एका बाजूला एडामारुकू, दुसऱ्या बाजूला चर्चशी संबंधित माणसं आणि कॅथलिक संघटनांचे लोक, मुंबईचे सहायक बिशप अ‍ॅग्नेलो ग्रेशियस यांनीही त्यात भाग घेतला. आणि सुरुवात पाण्यापासून झाली तरी गाडी तिथे थांबली नाही, एडामारुकू म्हणाले की चर्च असे चमत्कार पुढे करून पैसा कमावतं, चर्च विज्ञानाच्या विरोधात राहिलेलं आहे, पोपवरही बोलले. समोरून आलं की चर्चने विज्ञानाला किती दिलंय, आणि माफी मागा. आता बघा, पहिला प्रश्न कुठे गेला? ओली भिंत बाजूला राहिली आणि दोन हजार वर्षांचा हिशेब सुरू झाला. अशा वादात एकीकडून गॅलिलिओ येतोच, १६३३ चा खटला, आणि दुसरीकडून वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल येतो जो स्वतः मठात राहणारा साधू होता, आणि लमेत्र येतो जो पाद्री होता आणि विश्व प्रसरण पावतंय हे सांगणाऱ्या पहिल्यांपैकी एक होता. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. आणि दोन्हींचा इर्ल्याच्या वॉशरूमशी काडीचा संबंध नाही.

मला यातली सगळ्यात गंमतशीर गोष्ट वाटते ती ही की चर्चने हा चमत्कार आहे असं अधिकृतपणे कधी म्हटलंच नव्हतं, आणि ते नंतर हे सांगतही राहिले. कॅथलिक चर्च चमत्काराच्या बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार चिकट आहे. फ्रान्समध्ये लूर्द नावाचं तीर्थक्षेत्र आहे, तिथे पाण्याने आजार बरे होतात अशी श्रद्धा, पण तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे जे अशा दाव्यांची तपासणी करतं, आणि आजवर सात हजारांच्या वर दाव्यांतून चर्चने मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास आहेत. म्हणजे शंभरातला एक. हजारातले नऊशे नव्वद लोक तिथून ‘तुमचं बरं झालं याचा आनंद आहे पण चमत्कार म्हणता येणार नाही’ असं ऐकून परत गेलेत. तुम्ही त्या सत्तरांवर विश्वास ठेवा न ठेवा, पण तपासायची परंपरा त्यांच्या घरातच आहे ना. तर मग इर्ल्यात चर्चच्या माणसांनी पहिल्याच दिवशी प्लंबर बोलावून, ‘बाबांनो, बघू दे, तोवर हे पाणी पिऊ नका’ असं का नाही म्हटलं, हा प्रश्न मला एडामारुकूंच्या सगळ्या आरोपांपेक्षा जास्त जड वाटतो. ते आरोप होते, हा साधा हिशेब आहे. चमत्कार जाहीर न करणं आणि गर्दीला थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि कृपा करून याला एकाच धर्माचं प्रकरण समजू नका. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून रात्रीतून हजारो लोक किनाऱ्यावर उतरले होते, हिंदू मुसलमान ख्रिश्चन सगळे, पोरांना पाजत होते, बाटल्या भरत होते. मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते, वर तुफान पाऊस झालेला, गोड पाणी वरच्या थराला येणार यात नवल ते काय, पण त्या खाडीत काय काय सोडलं जातं ते मुंबईकरांना माहीत नव्हतं का? महापालिकेने पिऊ नका म्हणून ओरडून सांगितलं. आणि दोन-तीन दिवसांतच परत एकदा गणपती दूध प्यायला लागला. म्हणजे एकाच आठवड्यात दोन्ही. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला किंवा वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला गेलेल्या कुणालाही माहीत आहे की तिथल्या रांगेत सगळ्या आडनावांची माणसं असतात.

आता कायद्याकडे. एप्रिलमध्ये काही कॅथलिक संघटनांनी आणि व्यक्तींनी मुंबईत वेगवेगळ्या पोलिस ठाण्यांत तक्रारी दिल्या, भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ. हे कलम १९२७ चं, इंग्रजांच्या काळातलं, लाहोरला प्रेषित मुहंमदांविरुद्ध छापलेल्या एका पुस्तिकेवरून पेटलेलं, प्रकाशक हायकोर्टातून सुटला कारण तेव्हाच्या कायद्यात असा गुन्हाच नव्हता, म्हणून हे नवीन कलम आणलं. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांचा अपमान करणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनेत बसतं असं सांगितलं, पण कशासाठी बसतं तेही सांगितलं, की सहज, चुकून, किंवा दुष्ट हेतू नसताना केलेला अपमान यात येत नाही, फक्त मुद्दाम केलेला गंभीर प्रकार येतो.

कागदावर हे वाचलं तर कुणालाही वाटेल मग घाबरायचं काय, कोर्टात सिद्ध होणार नाही. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे वॉरंट नसताना अटक होऊ शकते आणि जामीन हा हक्क नाही, कोर्टाची मर्जी. खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, ते खरं, पण अटकेला नाही. तर शिक्षा निकालानंतर मिळत नाही, निकालाच्या आधीच मिळते. तुरुंगात किती दिवस, कोर्टाच्या किती फेऱ्या, किती ठाण्यांत. साठीकडे झुकलेल्या माणसाला हा हिशेब करावा लागला आणि त्याने फिनलंड गाठलं.

गंमत म्हणजे याच राज्यघटनेत, कलम ५१अ मध्ये, वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलंय, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेलं. फक्त कर्तव्य पार पाडलं नाही तर काही होत नाही आणि पार पाडलं तर होऊ शकतं.

मग माफीचं काय? बॉम्बे आर्चडायोसिसकडून, म्हणजे मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताकडून, साधारण असा सूर आला की माफी मागा, मग तक्रारदारांना मागे घ्यायला आम्ही सांगू. एडामारुकूंनी नकार दिला. यावर तेव्हा माझ्या ओळखीच्या लोकांत दोन तट होते आणि अजूनही आहेत. एक म्हणतो, काय बिघडलं असतं, पाण्याबद्दल जे सांगितलं ते कायम ठेवून पैशाबद्दल आणि पोपबद्दल बोललो ते जरा जास्त झालं एवढं म्हटलं असतं तर. दुसरा म्हणतो, एकदा माफी मागितली की दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग येणार, चमत्कार खोटा म्हणणाऱ्याने माफी मागितली, गटाराचा उल्लेख कुठेच नाही. मला दुसऱ्याचं पटतं, पण वेगळ्या कारणाने. पैशांचा आरोप पुराव्याशिवाय केला असेल तर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणं हा चांगुलपणा आहे, मी असतो तर कदाचित केलीही असती, आपण होऊन. पण डोक्यावर अटक टांगून मागितलेली दिलगिरी ही दिलगिरी नसतेच, तो सौदा असतो. ज्याला खरंच वाईट वाटलंय त्याला अशा माफीतून काय मिळणार? उलट मागणाऱ्याचाच मोठेपणा कमी होतो. तक्रारी आधी विनाअट मागे घेतल्या असत्या आणि मग म्हटलं असतं की आमचं मन दुखावलं, तर एडामारुकूंवर त्याचं जास्त दडपण आलं असतं असं मला वाटतं.

इथे लोक हमखास दाभोलकरांचं उदाहरण देतात. की बघा, नरेंद्र दाभोलकर कसे बोलायचे, देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध, आवाज कधी चढला नाही, वारकऱ्यांशी बोलले, संतांचे दाखले दिले, गावोगाव फिरले. एडामारुकू टीव्हीवाले, खटकेबाज. गोडीत सांगितलं असतं तर ऐकलं असतं लोकांनी. मी पण हे बरेच दिवस मान्य करायचो, आणि पद्धत म्हणून अजूनही मला दाभोलकरांचीच पद्धत बरोबर वाटते, माणूस बदलायचा असेल तर दुसरी नाहीच. पण त्याचा सुरक्षिततेशी संबंध लावू नका. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, सकाळी फिरायला निघालेल्या त्या गोड बोलणाऱ्या माणसाला गोळ्या घातल्या. सूर सौम्य ठेवला की कुणी काही करत नाही हे महाराष्ट्राने तरी कुणाला सांगू नये. म्हणजे सौम्य बोलायचं ते समोरच्याला कळावं म्हणून, आपण वाचावं म्हणून नाही.

आता तो दुसरा प्रश्न, जो टीव्हीवरही नाही आणि कोर्टातही नाही आणि खरं तर आपल्यापैकी प्रत्येकावर येतो. समजा तुमच्या बिल्डिंगमधल्या आंटींनी, ज्यांनी तुमच्या पोरांना लहानपणी सांभाळलंय, नाताळला न चुकता कलकलांचा गोड फराळ आणि केक पाठवतात, त्यांनी त्या पाण्याची बाटली आणली. तुमच्या आईचं ऑपरेशन झालेलं आहे म्हणून. दोन थेंब दे म्हणाल्या. काय करणार?

तीन प्रकारची उत्तरं ऐकली आहेत मी. एक, सरळ सांगायचं की आंटी हे गटाराचं आहे. दोन, घ्यायचं, थँक्यू म्हणायचं आणि बेसिनमध्ये ओतायचं. तीन, दोन थेंबांनी काय होतं, देऊन टाका, त्यांच्या समाधानासाठी. तिसरं तर नकोच, ऑपरेशन झालेल्या माणसाला संशयास्पद पाणी द्यायचं नाही, इथे कुणाच्याही भावना मधे येत नाहीत, आणि तीर्थ असो की झमझम की गंगाजल, नियम एकच, नाहीतर दुसऱ्याच्या पाण्याबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही. गंगाजलाची सीलबंद बाटली देव्हाऱ्यात किती वर्षं आहे ते आधी बघा. दुसरं उत्तर बहुतेक लोक देतात, मीही देईन कदाचित, आणि ते वाईट नाही, पण त्यात एक भोक आहे. तुम्ही तुमच्या आईला वाचवलंत पण आंटी स्वतः ते पितायत, त्यांच्या घरात नातू आहे, त्यालाही देतायत. तुम्हाला माहीत असून तुम्ही गप्प. म्हणजे त्यांचा मान राखला म्हणता म्हणता तुम्ही त्यांना समजावून सांगण्याच्या लायकीचंच मानलं नाही. हा माझ्या मते अपमानच आहे, फक्त त्यांना कळत नाही म्हणून तक्रार होत नाही.

तेव्हा सांगायला तर लागणार. पण काय सांगायचं? मला वाटतं फक्त पाण्याबद्दल. येशूबद्दल नाही, चर्चच्या पैशाबद्दल नाही. ‘आंटी, तिकडे बाजूला वॉशरूमची लाइन तुंबलीय म्हणे, पाणी चेक होईपर्यंत पोटात घेऊ नका, देवासमोर ठेवा हवं तर.’ एवढं म्हटलं तर त्यांचा विश्वास त्यांच्याकडे राहतो आणि जुलाब टळतात. काही कट्टर मित्र म्हणतील की हे तडजोडीचं झालं, मुळावर घाव घातला नाही. नसेल घातला. मुळावर घाव घालायला मी आंटींच्या घरी गेलोच नव्हतो, आणि त्यांच्या मुळांबद्दल मला जेवढं कळतं तेवढंच त्यांना माझ्या मुळांबद्दल कळतं. आणि त्या ‘तुझा विश्वास नाही म्हणून तू असं म्हणतोस’ म्हणाल्या तर त्यांना मी काही सांगण्यापेक्षा बाटलीतलं पाणी लॅबमध्ये देऊन रिपोर्ट त्यांच्या हातात ठेवला तर बरं, त्यांचे आयुष्यभराचे डायबेटीसचे रिपोर्ट त्या तसेच वाचतात, लॅबवर त्यांचा विश्वास आहेच.

आता एडामारुकूंनी टीव्हीवर हे असंच बोलायला हवं होतं का? नाही, टीव्ही म्हणजे आंटींचा हॉल नाही, संस्थेवर टीका करायचा त्यांना पूर्ण हक्क होता, चर्च काय आणि देवस्थान ट्रस्ट काय, पैशाचे प्रश्न विचारायलाच हवेत. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्याकडे हातात धरण्यासारखी एक पक्की गोष्ट होती, ओली भिंत, आणि तिला चिकटून राहिले असते तर समोरच्याला हलायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी रंग टाकून कॅमेऱ्यासमोर दाखवलं असतं तर बिशपांनाही मान हलवावी लागली असती, किंवा गप्प बसावं लागलं असतं. त्याऐवजी विषय संस्थेच्या चारित्र्यावर गेला, आणि तिथे पुरावा नसतो, निष्ठा असतात. समोरच्यांनाही तेच सोयीचं होतं. गटारावर उत्तर देता येत नव्हतं, अपमानावर देता येत होतं.

डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि मग विधिमंडळात. बऱ्याच लोकांना वाटतं की आता इर्ल्यासारखं काही झालं तर हा कायदा लागेल. नाही लागणार. त्यात तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं, घाबरवणं हा गुन्हा आहे, म्हणजे कुणीतरी करणारा पाहिजे, फसवणूक पाहिजे. इर्ल्यात करणारा कुणी नव्हता, पाइप होता. लोकांनी स्वतःच पाहिलं, स्वतःच ठरवलं, स्वतःच प्यायलं. त्यावर कायदा नाही आणि नसावाही, असं माझं मत. आणि २९५अ गेलं असंही समजू नका, १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली तिच्यात तेच कलम २९९ नंबरने बसलंय, तीच तीन वर्षं. उद्या कुणाच्या गल्लीत कुठल्याही देवाच्या डोळ्यांतून, पायांतून, भिंतीतून पाणी आलं आणि कुणी गटाराचं झाकण उघडून बघायला गेलं तर तक्रार करणाऱ्याला फक्त नवीन नंबर लिहायचाय. म्हणून झाकण उघडायच्या आधी सोबत कुणालातरी घेऊन जा, शक्यतो त्याच देवळातल्या किंवा चर्चमधल्या माणसाला, आणि टीव्हीवाल्याला शेवटी बोलवा.